नणंदेच्या हातचं व्हिमेंटिन

यवतमाळच्या एमआयडीसीत कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या मागच्या अंगाला पत्र्याची लांबट शेड होती. पूर्वी तिथं सरकीची पोती ठेवत. जिनिंगला कापूस कमी येऊ लागला, शेड रिकामी पडली, आणि आमच्या मॅडमनी ती घेतली. तिथं आम्ही माणसाचं प्रोटीन बनवत होतो.

मी घरी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सासूबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं.

"माणसाचं म्हंजे? मुडद्याचं का वं?"

मुडद्याशी काही संबंध नव्हता. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीला आतून एक सांगाडा असतो. हाडांचा नव्हे, प्रोटीनच्या अतिशय बारीक धाग्यांचा. जखम कशी भरते, कॅन्सरची पेशी जागा सोडून का पळते, हे शोधणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळांना ते धागे शुद्ध स्वरूपात लागतात. माणसाच्या अंगातून ते काढणार किती? म्हणून त्या प्रोटीनची कृती, म्हणजे माणसाचं जनुक, साध्या जिवाणूंत घालायचं. जिवाणू वाढले की तेच आपल्यासाठी माणसाचं प्रोटीन बनवतात. ते काढून, शुद्ध करून, वाळवून चिमूटभर भुकटी इवल्याशा बाटलीत भरायची आणि बंगलोर-पुण्याला पाठवायची. हे सगळं सासूबाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "जंतूच्या पोटात माणूस! काय काय काढते लोक," आणि पोळी तव्यावर टाकली.

मॅडम मूळच्या यवतमाळच्याच. परदेशात बरीच वर्षं हेच काम करून वडिलांच्या आजारपणासाठी परत आल्या आणि इथंच राहिल्या. मी अमरावतीहून बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली, लग्न आणि पोरगं झाल्यावर घरात बसलेली. माझे यजमान कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे, होते. त्या वर्षांत केंद्र कधी सुरू असायचं, कधी बंद, आणि ते चिडचिडे होऊन अंगणात खुर्ची टाकून बसायचे. मॅडमना माणूस हवं होतं, मला बाहेर पडायचं होतं. शेडमधलं पहिलं माणूस मी. भिंतींना चुना मारण्यापासून फ्रीज कुठं ठेवायचा इथपर्यंत सगळं मी केलं. जिनिंग चालू असेल त्या दिवशी कापसाचे तंतू फटीफटीतून आत येत, म्हणून प्रत्येक खिडकीला दुहेरी मलमल मीच शिवून लावली होती.

आमचं मुख्य प्रोटीन होतं व्हिमेंटिन. जिवाणू फोडले की ते घट्ट गोळ्यांच्या रूपात हाती येतं. ते युरियाच्या दाट पाण्यात विरघळवायचं. खताचाच युरिया, फक्त फार शुद्ध. युरियात ते सुटं होऊन राहतं. मग तो युरिया सावकाश काढून टाकायचा. पातळ पारदर्शक पिशवीत प्रोटीन भरायचं आणि ती पिशवी थंडगार पाण्यात सोडायची, ज्यात युरिया थोडा कमी आहे. मग आणखी कमी. मग आणखी. आम्ही त्याला 'पाणी बदलणं' म्हणायचो. नीट जमलं तर पिशवीत काचेसारखं स्वच्छ पाणी दिसतं. घाई झाली की फाटलेल्या दुधासारखे कण.

माझं फाटायचं. नेहमी नाही, पण इतक्या वेळा की मॅडम काही बोलत नसत, आणि ते न बोलणं मला जास्त लागायचं.

नणंदेला तिथं मीच नेलं. वयानं ती माझ्याहून बरीच धाकटी, पण मानानं नणंद, म्हणून मी तिला ताई म्हणायची आणि तुम्ही म्हणायची. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. झालेली. साखरपुडा होऊन मोडला होता, आणि त्यानंतर घरात कुणी तिच्याशी नीट डोळ्याला डोळा भिडवून बोलत नव्हतं. ती दिवसभर टीव्हीसमोर बसून हरभरे सोलायची. मला वाईट वाटलं. मॅडमना म्हटलं, माझी नणंद आहे, हाताखाली घ्या.

हाताखाली म्हणजे माझ्या हाताखाली, असं माझ्या मनात होतं.

पहिल्याच महिन्यात एकदा मला ताप आला आणि पाणी बदलायचं काम तिनं केलं. दुसऱ्या सकाळी मी गेले तेव्हा मॅडम पिशवी ट्यूबलाइटसमोर धरून उभ्या होत्या. आत काही आहे की नाही कळू नये इतकं स्वच्छ.

"कोणी केलं हे?" त्यांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं कोणी केलं ते. तरी विचारलं, तिच्या तोंडून ऐकायला.

"मी," ती म्हणाली.

मी सांगणार होते की रीत मीच दाखवली, प्रमाणं माझी, पाणीही मीच आदल्या दिवशी बनवून ठेवलेलं. पण तोवर मॅडमचा हात तिच्या खांद्यावर गेला होता. एवढ्या वर्षांत तो हात माझ्या खांद्यावर कधी आला नव्हता.

त्यानंतर व्हिमेंटिन तिचं झालं. कुणी तसा निर्णय घेतला नाही, आपोआप झालं. मी जिवाणू वाढवायचे, फोडायचे, धुवायचे, आणि शेवटचं नाजूक काम तिच्याकडे सरकवायचे. बंगलोरच्या प्रयोगशाळेतून एकदा फोन आला, तो नेमका मी उचलला. पलीकडचा गृहस्थ इंग्रजीत फार अदबीनं म्हणाला की मागच्या खेपेला ज्यांनी बनवलं त्यांच्याच हातचं पाठवा. मी "हो" म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी एकच काचेचं भांडं विसळत राहिले.

घरी तर विचारूच नका. सासूबाईंना आधी जे मुडद्याचं वाटत होतं ते आता कौतुकाचं झालं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना त्या सांगत, "आमची पोट्टी माणसाचं प्रोटीन बनोते, थेट बंगलोरले जाते." मी चहाचा ट्रे घेऊन उभी. कुणीतरी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आन् सूनबाई बी तिथंच राह्यते."

तिथंच राह्यते. जणू मी शेडची राखण करायला जात होते.

यजमानसुद्धा एकदा जेवताना म्हणाले, "तिच्या हातातच काही हाय." मी वाढत होते. म्हटलं, "मंग तिलेच सांगा भाकर वाढाले." ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

मी तिच्यावर लक्ष ठेवू लागले. पिशवीला गाठ कशी मारते, चमच्यानं ढवळते की भांडं हलवते, किती वेळ वाकून बघते. सगळं तसंच करून पाहिलं. माझं तरी फाटायचंच. एक गंमत सांगते. घरी तिच्या पिठल्यात हमखास गाठी व्हायच्या. तिनं पिठलं केलं की मी पोटभर जेवायची, आणि प्रत्येक गाठ दाताखाली आली की मला बरं वाटायचं.

मग चतुर्थी आली. ती मैत्रिणीच्या गाडीवर मागे बसून कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेली, आणि येताना रस्त्यात पसरलेल्या वाळूवरून गाडी घसरली. मैत्रिणीला नुसतं खरचटलं. हिचं उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात मी पोचले तेव्हा कोपरापर्यंत ओलं प्लास्टर घातलेलं, आणि ती रडत नव्हती. पहिला प्रश्न तिनं मला विचारला, "वहिनी, पिशवी कोण पाहून राह्यलं?"

मी म्हटलं, "मी हाय ना."

ती माझ्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत जे होतं ते मला लगेच ओळखू आलं, कारण ते मी रोज आरशात पाहत होते.

बंगलोरला मोठी खेप द्यायची होती. मॅडमनी आम्हा दोघींना समोर बसवलं. "तू बघून सांगायचं," त्या तिला म्हणाल्या, आणि मला, "तुम्ही हातानं करायचं." तिला तू, मला तुम्ही. मला वयाचा मान मिळत होता. जवळीक तिला.

असं आमचं सुरू झालं. ती गळ्यात हात अडकवून स्टुलावर, मी टेबलाशी. "हळू, वहिनी." "अजून नाही." "तिकडून धरा." दिवसभर तेच. भारनियमनाचे दिवस. सकाळी वीज गेली की दुपारपर्यंत नाही. जनरेटरवर फक्त डीप फ्रीझर चालायचा, म्हणून आम्ही बर्फाची लादी आणून, फोडून, टपात भांडी बसवायचो. पत्रा तापायचा, तिला प्लास्टरच्या आत खाज सुटायची, ती विणायची सुई आत घालून खाजवायची आणि माझ्यावर ओरडायची.

"हळू म्हंजे किती हळू?" मी एकदा वैतागून विचारलं.

"दिसते ना!"

"काय दिसते?"

"तुमाले नाही दिसत?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. ती स्टुलावरून उतरली, माझं डोकं डाव्या हातानं धरलं आणि भांड्याच्या कडेला, पाण्याच्या पातळीशी आणलं. "पिशवीच्या बाजूनं पाहा. साखर टाकल्यावर पाण्यात लहर उठते का नाही, तशी."

मी पाहिलं. पिशवीच्या कडेनं धुरासारखी एक पुसट रेघ खाली उतरत होती. युरिया बाहेर येत होता. जाड पाणी पातळ पाण्यात मिसळताना दिसतं तसं, उन्हात डांबरी रस्त्यावर हवा हलते तसं. इतकी वर्षं मी घड्याळ बघून पाणी बदलत होते. ती ही रेघ बघत होती. रेघ थांबली की बदलायचं, तोवर हात लावायचा नाही.

"हे आधी काहून नाही सांगितलं तुमी?"

"तुमी इचारलं कुठं?"

खरं होतं. मी तिच्याकडे चोरून पाहिलं होतं, पण विचारलं कधी नव्हतं. विचारलं असतं तर तिला येतं आणि मला येत नाही, हे तोंडानं म्हणावं लागलं असतं.

त्याच दिवसांत दिल्लीकडची टीव्हीवाली माणसं जिल्ह्यात फिरत होती. बंद पडलेल्या जिनिंगचं चित्रीकरण करायला एक गाडी आमच्या आवारात आली. माईक घेतलेला तरुण आमच्या दारात डोकावला, माझा पांढरा कोट पाहून म्हणाला, "मॅडम, यह अस्पताल है? जहर पिए हुए किसान यहाँ लाते हैं क्या?" मी नाही म्हटलं. काय करता, त्यानं विचारलं. मी सांगायला लागले, पण दोन वाक्यांत त्याची नजर उडाली आणि तो जिनिंगच्या गंजलेल्या फाटकाकडे वळला. मला त्याचा राग आला नाही. तो जे शोधत होता ते जिल्ह्यात जागोजाग होतं. आमच्याच गल्लीतल्या एका घरी सुतक होतं. मी दारातच उभी होते, तेवढ्यात आतून आवाज आला, "वहिनी, बर्फ वितळून राह्यला!"

खेपेचं शेवटचं पाणी बदलायचं होतं त्या दिवशी वीज वेळेआधीच गेली आणि बर्फवाला आला नाही. टपातला बर्फ संपत आला.

"बदला आता," ती म्हणाली. "गरम झालं तर सगळं जाईन."

मी वाकून पाहिलं. रेघ होती. अगदी पुसट, पण होती.

"अजून हाय," मी म्हटलं.

"काही नाही, मी पाह्यलं ना. बदला."

"तुमी दुरून पाह्यलं. हाय अजून."

"वहिनी, मी सांगून राह्यली ना!"

"आन् मी पाहून राह्यली!"

मी हात मागे बांधून उभी राहिले. ती डाव्या हातानं भांड्याकडे आली, मी मध्ये उभी राहिले. दोघी घामानं निथळत होतो. मग मी घरून आणलेली पाण्याची थंड बाटली, मॅडमच्या फ्रीजमधलं ताक, जे जे गार होतं ते सगळं टपात उभं केलं आणि थांबले. रेघ पुसट होत होत नाहीशी झाली, तेव्हा पिशवी उचलून शेवटच्या पाण्यात सोडली.

दुसऱ्या दिवशी पिशवी स्वच्छ होती. खरी परीक्षा पुढची. त्यातलं थोडं नळीत घेऊन मिठाचं पाणी घातलं की सुटं व्हिमेंटिन एकमेकांना धरून धागे बनवतं आणि पाणी दाट होतं. मॅडमनी नळी तिरपी केली. आतलं पाणी लगेच वाहिलं नाही. साबुदाण्याच्या पेजेसारखं सावकाश सरकलं.

"अरे वा," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुमच्या हातचं तर तिच्या हातच्याहून घट्ट आहे."

मला रडू फुटणार होतं. मी मागे पाहिलं तर स्टूल रिकामं. ती पर्स उचलून निघून गेली होती.

संध्याकाळी घरी आले तेव्हा ती गच्चीवर होती. एका हातानं वाळलेले कपडे काढून खांद्यावर टाकत होती आणि ते घसरून पडत होते. मी उचलायला वाकले.

"राहू द्या," ती म्हणाली. "ते तरी मले करू द्या."

"ताई, एका खेपेनं काय होते?"

"काय होते?" ती माझ्याकडे वळली. "साखरपुडा मोडल्यावर सहा महिने ह्या घरात मी भिंतीसारखी होती. आता आई कोणालेबी सांगते, पोट्टी कामात हाय, लग्नाची घाई नाही. कायच्या जोरावर सांगते? मले एक गोष्ट येते म्हून. ते बी तू घेतलं."

ती मला पहिल्यांदाच तू म्हणाली.

"मी काही घेतलं नाही," मी म्हटलं. "मीच तर आधी होती तिथं. मलमल शिवण्यापासून."

"मंग? तुले नवरा हाय, पोरगं हाय, ह्या घराच्या किल्ल्या कमरेले हाय. तुले अजून काय पायजे?"

"तेच पायजे," मी म्हटलं. "तुले येते ना, तेच पायजे मले बी."

मीही तिला तू म्हटलं होतं, हे मला खाली उतरल्यावर लक्षात आलं. वर असताना पडलेला टॉवेल मी उचलला, तो तिनं माझ्या हातून घेतला, एवढंच.

प्लास्टर निघालं. मनगट जरा आखडलेलं राहिलं, भरलेलं भांडं ओतताना हात थरथरायचा. त्याच सुमारास हैदराबादच्या एका मोठ्या प्रयोगशाळेनं मॅडमना विचारलं, एक माणूस शिकायला पाठवा, चांगलं काम केलं तर ठेवूनही घेऊ. मला वाटलं, आता माझी पाळी. खेप मी केली, हात माझे. मी मनातल्या मनात पोराची शाळा, सासूबाईंची औषधं, सगळ्याची व्यवस्था लावून टाकली होती.

मॅडमनी तिला निवडलं.

मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. एरवी मी असं करत नाही. "मॅडम, माझं काय?"

"हात शिकवता येतात," त्या म्हणाल्या. "तिची नजर वेगळी आहे. आणि तुम्ही गेलात तर इथं कोण सांभाळेल?"

शेवटचं वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले होते, त्याचं काही वाटलं नाही. नजरेचं मात्र आजही बोचतं. ती रेघ मीही पाहिली होती. शेवटच्या दिवशी तिला दिसली नाही तेव्हा मला दिसली होती. पण मॅडम त्या वेळी तिथं नव्हत्या, आणि ती सांगणार नव्हती, आणि मीही सांगितलं नाही. दोन जणींतलं भांडण तिसरीसमोर मांडून जागा मिळवणं मला जमलं नसतं.

ती गेली त्या दिवशी सगळं घर स्टँडवर. सासूबाईंनी चिवड्याचा डबा दिला, यजमानांनी बॅग वर चढवली. यष्टी सुटताना ती खिडकीतून वाकली.

"वहिनी, शेवटच्या पाण्याले घाई नका करू."

"माहीत हाय मले," मी म्हटलं. जरा जोरातच.

शेडमध्ये मी एकटी उरले. पहिल्या खेपेला पुन्हा फाटलं. मी बसून रडले नाही, पण जेवले नाही. दुसऱ्या खेपेला कडेला डोळा लावून बसले, मान अवघडली, रेघ थांबेपर्यंत हलले नाही. पिशवी स्वच्छ निघाली. मीठ घातलं, नळी तिरपी केली, आतलं पाणी इतकं दाट की सरकायलाच तयार नाही. मॅडम नागपूरला गेलेल्या. शेजारची जिनिंग बंद. दाखवायला कुणी नव्हतं. यजमानांना दाखवून ते "छान" म्हणाले असते आणि पेपर उघडला असता.

मी कोट काढला, शेडला कुलूप घातलं आणि फाटकाबाहेरच्या एसटीडी बूथवर जाऊन हैदराबादला फोन लावला. कुणीतरी तिला बोलवायला गेलं. मागे यंत्रांचा घुमघुमाट ऐकू येत होता, माणसं तेलुगूत बोलत होती. मोठी, थंड, झगमगीत जागा असणार. मी रिसीव्हर घट्ट धरून उभी होते.

"काय झालं, वहिनी? आई बरी हाय ना?"

"बरी हाय. व्हिमेंटिन झालं."

"कसं?"

"नळी तिरपी केली तरी हालून नाही राह्यलं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तिरपी म्हंजे किती तिरपी?" तिनं विचारलं. आवाज बदलला होता, अगदी बारीक. "प्रोटीन जास्त घेतलं असन तुमी."

"नेहमीचंच घेतलं."

"बर्फ होता?"

"होता."

"मंग मीठ जास्त झालं असन."

मी नाही म्हटलं. तिनं आणखी एक शंका काढली, मग आणखी एक. मी प्रत्येकीला उत्तर देत गेले. बाहेर ऊन रणरणत होतं, बूथवाला रुमालानं तोंड पुसत माझ्याकडे बघत होता. तिला ते सहन होत नव्हतं, हे मला तिच्या प्रत्येक प्रश्नातून कळत होतं. इतक्या महिन्यांत मला इतकं छान कधी वाटलं नव्हतं.

"उद्या परत करून पाहा," ती शेवटी म्हणाली. "आन् मले फोन करा. झालं तरी करा, फाटलं तरी करा."

"फाटलं तर नाही करणार," मी म्हटलं.

ती हसली. मग कुणीतरी तिला हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.